आधी बाँड वाचा, मग फॉर्म भरा : राजारामपुरीतल्या कर्नलसाहेबांच्या मार्गदर्शनाचा अनुभव

पोरगीला डॉक्टर करायचंय, घरात कुणी फौजेत आहे, आणि ‘आर्मीतनं एमबीबीएस फुकट होतंय म्हणे’ एवढंच कानावर आलंय, अशा आयांसाठी हे लिहितेय. मीही तशीच होते. आम्ही कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला राहतो. आमचे मालक मराठा लाईट इन्फंट्रीत नायब सुभेदार आहेत, चोवीस वर्षं नोकरी झाली. मी घरी ब्लाऊज शिवते. थोरली लेक गेल्या वर्षी बारावी झाली. तिच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही आधी एका ठिकाणी पैसे घालवले आणि मग जिथं खरी माहिती मिळाली तिथं, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कर्नलसाहेबांकडं, गेलो. दोन्ही सांगते.

साहेबांचं नाव आणि फोन नंबर टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून बजावलंय. आर्मी मेडिकल कोअरमधून कर्नल म्हणून रिटायर झालेले डॉक्टर आहेत. राजारामपुरीत, जनता बाजारच्या चौकातून आत गेलं की खाली पिठाची गिरण आणि वर त्यांची खोली. पाटी नाही. आसपास कुणालाही ‘कर्नल डॉक्टर’ म्हणून विचारलं तर जिना दाखवतात. आठवडाभर ते दवाखाना बघतात, मार्गदर्शन फक्त रविवारी.

आधी पहिल्या ठिकाणाचं सांगते. ते एक ॲडमिशन कौन्सेलिंगचं ऑफिस होतं, नाव घेत नाही. काचेचं केबिन, एसी, भिंतीवर ॲप्रन घातलेल्या पोरापोरींचे फोटो. जानेवारीत पॅकेज म्हणून पस्तीस हजार सांगितले, त्यातले वीस हजार मी भरले. भिशीचे पैसे होते ते. तिथला माणूस गोड बोलायचा. “वहिनी, मिलिटरीवाल्याची पोरगी म्हणजे तुमची सीट बसल्यात जमा. आर्मीचं मेडिकल कॉलेज आहे, आर्मीवाल्यांच्या मुलांसाठीच. शिक्षण सरकारी खर्चानं. आणि नंतर नोकरीचं बंधन नाही.” एवढं ऐकून मी त्याच रात्री मालकांना फोन लावला. त्यांचं पोस्टिंग लांब आहे, रेंज येते-जाते. दोन वाक्यं पोचली, तिसरं तुटलं. पण जेवढं पोचलं तेवढ्यानं माणूस हरखून गेला. “आपली पोरगी ऑफिसर होणार,” एवढंच ते परत परत म्हणत होते.

एप्रिलमध्ये मिलिटरी कँटीनच्या रांगेत एका हवालदाराच्या बायकोला मी हे अभिमानानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुठलं कॉलेज म्हणाला त्यो? पुण्याचं का दिल्लीचं?” मला सांगता येईना. तीच मला पुढच्या रविवारी साहेबांकडं घेऊन गेली.

पहिल्या भेटीत साहेबांनी माझं सगळं ऐकलं. मग एका पाठकोऱ्या कागदावर दोन चौकोन काढले. एका चौकोनात लिहिलं पुणे, दुसऱ्यात दिल्ली.

पुणे म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज, एएफएमसी. १९४८ साली सुरू झालं, आणि बारावीनंतरच्या मुलांसाठी एमबीबीएसचा विभाग १९६२ मध्ये. सोलापूर रस्त्याला, वानवडीला आहे. तिथं कुणाचंही मूल जाऊ शकतं, शेतकऱ्याचं, शिक्षकाचं, रिक्षावाल्याचं. बाप फौजेत असायची अट नाही. शिक्षण आणि राहणं सरकारी खर्चानं. पण तिथं शिकलेल्यानं पुढं सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करायचीच, तसा बाँड लिहून द्यायचा.

दिल्ली म्हणजे आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेस, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये. ते फार जुनं नाही, २००८ चं. ते आर्मीतल्या आणि आर्मीतून निवृत्त झालेल्या लोकांच्या मुलांसाठी आहे, आणि बापाची किमान दहा वर्षं नोकरी झालेली लागते. तिथं शिकून सैन्यात जायचं बंधन नाही. पण तिथं फी आहे, आणि ती आपण भरायची.

“तुमच्या त्या माणसानं,” साहेब म्हणाले, “पुण्याचा फुकटपणा घेतला, दिल्लीचा कोटा घेतला, दिल्लीचं बिनबंधन घेतलं आणि तिन्ही मिळून एक कॉलेज तयार केलं. असं कॉलेज भारतात नाही.”

मी गप्प बसले. वीस हजारांपेक्षा मला मालकांना केलेला तो फोन जास्त टोचत होता. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, “वहिनी, नाव काय का असंना, आर्मीचंच आहे की.” पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे.

आता साहेबांची पद्धत सांगते, कारण दुसरीकडं कुठं मी असं बघितलं नाही. मार्क किती, कॅटेगरी कुठली, हे ते पहिल्यांदा विचारतच नाहीत. कपाटातून एक फाईल काढतात. त्यात एएफएमसीच्या माहितीपत्रकाची छापील प्रत असते आणि बाँडच्या पानाला लाल दोरा बांधलेला असतो. ते पान मुलापुढं ठेवतात आणि म्हणतात, “मोठ्यानं वाच. वाचून झालं की आईला आपल्या भाषेत सांग.”

माझी लेक सेमी इंग्रजीची. वाचताना अडखळत होती. ‘लायबिलिटी’ या शब्दाशी थांबली. साहेब काही बोलले नाहीत, वाट बघत बसले. खाली गिरण चालू होती, टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत होता. तिनं ते वाक्य परत पहिल्यापासून वाचलं, मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आई, ह्याच्यावर सही केली की शिकून झाल्यावर मला नाही म्हणता येणार नाही. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांचीच नोकरी, मिळाली तरी सात वर्षं. आणि नाही म्हणलं तर पैसे भरायचे.” “किती?” मी विचारलं. तिनं आकडा सांगितला. साठ लाखांच्या पुढचा होता.

मी फौजीची बायको. चोवीस वर्षांत पाच दिवाळ्या आम्ही एकत्र केल्या. थोरलीच्या जन्माच्या वेळी मालक अकराव्या दिवशी पोचले. बंधन म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी माझ्या पोरीच्या तोंडून ‘मला नाही म्हणता येणार नाही’ हे ऐकलं आणि पोटात कालवलं. एसीच्या केबिनमध्ये तीन महिन्यांत चार फेऱ्या झाल्या होत्या, पण हे वाक्य तिथं एकदाही कुणी उच्चारलं नव्हतं.

त्यानंतर साहेबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. डाव्या टोकाला अठरा लिहिलं. साडेचार वर्षं एमबीबीएस, तिथं खूण. एक वर्ष इंटर्नशिप, तिथं खूण. साडेतेवीस. पुढं सात वर्षं शॉर्ट सर्व्हिस, खूण. साडेतीस. “परमनंट कमिशन, म्हणजे ऑफिसरची कायमची नोकरी, मिळालं तर ही रेघ कागदाच्या बाहेर जाते,” म्हणाले. मग लेकीला विचारलं, “ह्या रेघेवर तू कुठं कुठं असशील? सियाचीनला असशील, जोधपूरला असशील, मिलिटरी हॉस्पिटलात बाळंतपणं करत असशील. डोळ्यापुढं येतंय का?” आणि माझ्याकडं वळून, “वहिनी, आणि तुम्ही कुठं असाल?”

ती म्हणाली, “येतंय.” मला उत्तर देता आलं नाही.

त्याच रेघेखाली त्यांनी दुसरी रेघ मारली, आणि ही गोष्ट कोल्हापुरातल्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलं तरी बंधन आहेच. इथलं सीपीआर दवाखान्याला जोडलेलं राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय कॉलेज घ्या नाहीतर दुसरं कुठलं. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. “बंधन दोन्हीकडं आहे,” साहेब म्हणाले. “लांबी वेगळी आणि जागा वेगळी. कुणी बिनबंधनाचं म्हणून सरकारी कॉलेज विकत असेल तर तिथून उठून या.” दुसऱ्या रेघेवर साडेचोवीस वर्षांशी खूण केली आणि तिथून एक तुटक रेघ वर नेऊन पहिलीला जोडली.

ती तुटक रेघ म्हणजे बाहेर शिकून डॉक्टर झालेल्यांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, एएफएमसीच्या सात वर्षांहून वेगळं. कुठल्याही मान्य कॉलेजातून एमबीबीएस आणि इंटर्नशिप झालेला डॉक्टर त्यासाठी अर्ज करू शकतो. अलीकडं नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर (पीजी) प्रवेश परीक्षेच्या, मार्कांवर यादी लागते, दिल्ली कँटोन्मेंटच्या आर्मी हॉस्पिटलात मुलाखत होते, मेडिकल तपासणी होते. वयाची अट एमबीबीएसला तीस, पीजी झालेल्याला पस्तीस. निवड झाली की कॅप्टन म्हणून रुजू व्हायचं. आधी पाच वर्षं, मग इच्छा असेल तर आणखी पाच, मग चार, अशी जास्तीत जास्त चौदा. पेन्शन नाही, कारण त्याला वीस वर्षं लागतात. पण यात एक गोष्ट आहे जी साहेबांनी लेकीला दोनदा सांगितली. अठराव्या वर्षी सही करणं आणि चोविसाव्या वर्षी डॉक्टर होऊन सही करणं यात फरक आहे. दुसऱ्या वेळी तुला स्वतःबद्दल बरंच कळलेलं असेल.

त्या दिवशी खोलीत आणखी दोन घरं बसली होती. एका पोरानं विचारलं, “सर, बाहेरच्या देशात कसं असतं?” साहेबांनी दक्षिण कोरियाचं सांगितलं. तिथं पुरुषांना सैन्यसेवा सक्तीचीच आहे, म्हणून डॉक्टर झालेल्या पोरालाही लष्करात डॉक्टर म्हणून किंवा खेड्यापाड्यात सरकारी डॉक्टर म्हणून साधारण तीन वर्षं द्यावी लागतात. “आपल्याकडं सक्ती नाही,” म्हणाले. “आपल्याकडं बंधन तुझ्या सहीनं सुरू होतं. म्हणून सहीच्या आधी वाच म्हणतोय.”

मुलींसाठी आणखी एक वाट त्यांनी सांगितली, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, पुण्यासह सहा ठिकाणी मिलिटरीच्याच कॉलेजात, आणि पुढं नर्सिंग ऑफिसर म्हणून कमिशन. शेजारी बसलेल्या एका आईनं नाक मुरडलं. साहेब तिला काही बोलले नाहीत, पोरीला म्हणाले, “फील्ड हॉस्पिटलात रात्री तीन वाजता जखमी आला की आधी त्याचा हात कोण धरतं ते मी बघितलंय. तुला डॉक्टरच व्हायचं असेल तर हो. पण ह्याला कमी म्हणून नको सोडू.” त्या पोरीनं वहीत लिहून घेतलं.

भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण फ्रेम करून लावलंय, लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचं. एएफएमसीतच शिकल्या, बालरोगतज्ज्ञ झाल्या, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांचे यजमानही लेफ्टनंट जनरल. माझी लेक वाट बघताना त्या फोटोपुढं उभी राहायची. मी तिच्या पाठीकडं बघत बसायचे.

कागदपत्रांचं काम हे या मार्गदर्शनाचं सगळ्यात उपयोगी अंग आहे. साहेबांनी एप्रिलमध्येच, नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या आधी, मला यादी लिहून दिली. राज्याच्या कोट्यात फौजींच्या मुलांसाठी डी-१, डी-२, डी-३ असे गट आहेत. महाराष्ट्राचा रहिवासी माजी सैनिक असेल तर डी-१, महाराष्ट्राचा रहिवासी आणि अजून नोकरीत असेल तर डी-२, बाहेरच्या राज्यातला पण बदलीनं महाराष्ट्रात आलेला असेल तर डी-३. आम्ही डी-२. त्यासाठी मालकांच्या युनिटचं प्रमाणपत्र लागतं आणि अधिवासाचा दाखलाही लागतो, तोही बापाचा. आम्ही सगळे लेकीच्या दाखल्यामागं धावत होतो. मालकांचा दाखला काढायचाय हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. जो माणूस चोवीस वर्षं राज्याबाहेरच जास्त राहिला, त्याचा अधिवास सिद्ध करायला शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, गावचा तलाठी, सेतू, सगळं फिरावं लागलं. तीन आठवडे गेले. निकालानंतर धावले असते तर पहिल्या फेरीला हातात कागद नसता. माजी सैनिकांच्या घरच्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागतं, तेही त्यांनी त्याच यादीत लिहिलं होतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, एएफएमसीचा वेगळा दरवाजा. नीटचा फॉर्म भरला म्हणजे एएफएमसीला नाव गेलं, असं होत नाही. केंद्राच्या एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या) कौन्सेलिंगमध्ये नोंदणी करताना एएफएमसीची निवड वेगळी करावी लागते. त्यातून नीटच्या मार्कांवर यादी निघते आणि पुण्याला बोलावणं येतं. राज्याचं सीईटी सेलचं कौन्सेलिंग पूर्ण वेगळं. शिवाय अविवाहित असणं, बारावी पहिल्याच प्रयत्नात पास असणं, दहावीला गणित असणं, अशा अटी आहेत. गणिताची अट ऐकून खोलीतल्या एका वडिलांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या पोरानं वेगळ्या बोर्डातून गणित सोडून दहावी केली होती. तो डॉक्टर होऊ शकतो, एएफएमसीला जाऊ शकत नाही, एवढं कळायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

लेकीच्या मार्कांचा आकडा इथं टाकत नाही, तिला आवडणार नाही. पण बोलावणं आलं. साहेबांनी बोलावणं यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं की मुलींसाठी जागा तीसच्या आसपास, आणि साऱ्या देशातून मुली येतात. खोटी आशा त्यांनी एक दिवसही दाखवली नाही. पण तयारी मात्र पूर्ण करून घेतली. पुण्याला आधी इंग्रजी, आकलन आणि तर्काची एक परीक्षा असते. चाळीस प्रश्न, तीस मिनिटं, चुकलं की मार्क कापतात. सेमीच्या पोरीला यात धडकी भरते. साहेब टेबलावर गजराचं घड्याळ ठेवायचे. तीस मिनिटांनी ते असं खणखणायचं की खालचा गिरणवाला वर बघायचा. पहिल्या दिवशी तिचे बावीस झाले, तिसऱ्या रविवारी चौतीस.

मुलाखत पन्नास मार्कांची. त्याची तयारी करून घेताना साहेब कडक होतात, हे आधीच सांगून ठेवते. माझी लेक दुसऱ्या वेळी रडली. त्यांनी विचारलं होतं, “फौजेत का यायचंय?” ती म्हणाली, “पप्पांचं स्वप्न आहे.” साहेब म्हणाले, “पप्पा पेशंट बघणार आहेत का? रात्री बारा वाजता तंबूत ऑपरेशन करायला पप्पा येणार आहेत का? तुझं काय आहे ते सांग.” तिला काहीच सांगता आलं नाही. मला तेव्हा साहेबांचा राग आला होता, हे लपवत नाही. बसमध्ये ती बोलली नाही. रंकाळ्यावर उतरून आम्ही अर्धा तास नुसत्या बसलो. अंधार पडायला लागला तेव्हा ती म्हणाली, “आई, पप्पांच्या पायाला लागलेलं तेव्हा त्यांनी सांगितलेलं आठवतंय? डॉक्टर आल्याबरोबर दुखायचं कमी झालं म्हणून. अजून सुई टोचली नव्हती तरी. मला तो डॉक्टर व्हायचंय.” तिसऱ्या रविवारी तिनं हेच सांगितलं. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, चहा मागवला.

पुण्याला आम्ही रात्रीच्या एसटीनं गेलो. ती आत गेली, मी बाहेर थांबले. माझ्याशेजारी एक राजस्थानच्या बाई होत्या, त्यांची भाषा मला अर्धी कळायची. आम्ही भाकरी आणि त्यांच्या पुऱ्या वाटून खाल्ल्या. त्यांचेही यजमान फौजेत. बाहेर आल्यावर लेक दमलेली होती पण तोंड उजळलेलं होतं. शेवटच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तो दिवस आमच्या घरी जड गेला. मालकांना मीच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, “राज्याच्या फेरीचा कागद तयार आहे ना?” तयार होता. सगळे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये, साहेबांच्या यादीच्या क्रमानं.

दिल्लीच्या कॉलेजचा विचार आम्ही फी बघून सोडला. धाकटा अजून आठवीत आहे. राज्याच्या फेरीत डिफेन्सच्या जागेतून तिला कोकणातल्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. आता पहिल्या वर्षाला आहे. आठवड्यातून दोनदा फोन करते, ॲनाटॉमीची हाडं हातात घेऊन झोपते म्हणते. एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड तिनं लिहून दिलाय, आणि देताना पूर्ण वाचलाय. ते पान तिनं मला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, मराठीत.

आता उणं काय ते सांगते, म्हणजे कुणी माझ्यावर रुसायला नको. साहेब फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर देत नाहीत. वेळ ठरवून मिळत नाही. आल्या क्रमानं वहीत नाव लिहायचं आणि बसायचं. आम्हाला एकदा साडेतीन तास बसावं लागलं. जिना उंच आणि अंधारा आहे, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाऊ नका. ते कुठलाही ऑनलाईन फॉर्म भरून देत नाहीत. सांगतात सगळं, पण कॉम्प्युटरवरचं काम आपलं आपण करायचं. मी ते शाहूपुरीतल्या एका कॅफेत बसून केलं, दोनदा ओटीपी चुकला. खासगी आणि अभिमत कॉलेजांबद्दल ते काहीच बोलत नाहीत, त्यासाठी दुसरीकडं जावं लागेल. कॉलेजच्या पसंतीक्रमाची यादी लावायलाही त्यांनी ढोबळ सांगितलं, बारकावे लेकीच्या एका सिनियर मैत्रिणीकडून घेतले. आणि त्यांचं मन फौजेकडं झुकलेलं आहे हे त्यांच्याशी बोलताना जाणवतं. डोळे चमकतात त्यांचे लखनौच्या ट्रेनिंगचं सांगताना. पण झुकलेलं असूनही पहिलं पान बाँडचंच काढतात, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास टाकला.

पैशाचं : पहिल्या भेटीचे पाचशे रुपये, पावती हातानं लिहून देतात. पुढच्या भेटींचे नाहीत. नोकरीत असलेल्या जवानाच्या घरचे असतील तर पहिल्याही भेटीचे घेत नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, “ते खाली गिरणवाल्याला द्या, गरिबाचं दळण फुकट होईल.” मी दिले.

शेवटच्या भेटीला आम्ही पेढे घेऊन गेलो तेव्हा लेकीनं ते कॅलेंडरचं पान मागून घेतलं. आता ते तिच्या होस्टेलच्या कपाटाला आतून चिकटवलंय. खालच्या रेघेवर अठराशी तिनं निळ्या पेननं बारीक गोल केलाय. तुटक रेघ तशीच आहे. परवा मी विचारलं, अजून जायचंय का गं फौजेत? म्हणाली, “चोविसाव्या वर्षी विचार, आई.”

जाणाऱ्यांसाठी : रविवारी सकाळी साडेआठला जिन्यापाशी जा, नऊला वही उघडते. दहाच्या पुढं गेलात तर दुपार होणार. सोबत दहावीचं मार्कलिस्ट न्या, त्यात गणित दिसायला हवं. वडील फौजेत असतील तर त्यांचा नोकरीचा तपशील आणि जुना रेशनकार्डाचा कागद न्या. चष्मा असेल तर डोळ्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी न्या, मेडिकलची अट ते तिथंच बघून सांगतात. आणि मुलाला किंवा मुलीला घेऊनच जा. एकट्या आलेल्या आईबापांना ते बसवून पाणी देतात, आणि “ज्याची सही आहे त्याला घेऊन या” म्हणून परत पाठवतात.